आवाजाची मशागत

गायकवृंदातील मुलामुलींसाठी



मतमाउलीच्या नोव्हेनाचे दिवस जवळ आले की आपल्या धर्मग्रामात गीतांचा सराव सुरू होतो. हरेगावची यात्रा १९४९ पासून भरते आहे. आपल्या जिल्ह्यातील कित्येक घरांत आजीपासून नातीपर्यंत सर्वांनी त्या नऊ दिवसांत कधी ना कधी माइकसमोर उभे राहून गायलेले आहे. त्यामुळे सरावाला उत्साह असतो, आणि उत्साहाबरोबर आरडाओरडाही असतो.

मागच्या रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्या गायकवृंदातील नववीतली एक मुलगी सॅक्रिस्टीच्या दाराशी आली. आवाज पार बसलेला होता. म्हणाली, "फादर, ओरडल्याशिवाय माझा आवाज वर जातच नाही. आणि ओरडले की दोन दिवस बोलता येत नाही. मी क्वायर सोडू का?" मी घाईघाईने "अगं, सोडू नकोस" एवढेच म्हणालो. पण तेवढ्याने तिचा गळा बरा होणार नव्हता आणि तिच्या प्रश्नाचे उत्तरही मिळाले नव्हते. ते उत्तर आज लिहितो आहे. मी संगीतज्ञ नाही. पण वेदीवर रोज गावे लागते, आणि चुका करून करून थोडे शिकलो आहे.

आपल्या चर्चमधली पेटी सर्वांनी पाहिली आहे. भात्याने हवा भरते, ती हवा आतल्या पितळेच्या पात्यावरून, म्हणजे रीडवरून जाते, रीड थरथरते आणि सूर निघतो. आता एक प्रयोग करा. एकच पट्टी दाबून ठेवा आणि भाता जोरजोराने हाणा. काय होते? आवाज मोठा होतो, कर्कश होतो, पण सूर चढत नाही. सूर चढवायचा असेल तर बोट उचलून पुढच्या पट्टीवर ठेवावे लागते. भात्याचे काम वेगळे आणि पट्टीचे काम वेगळे.

गळ्याचेही तसेच आहे. फुप्फुसे हा भाता. स्वरयंत्रातले दोन नाजूक स्वरतंतू ही रीड. फरक इतकाच की पेटीत प्रत्येक सुराला वेगळी रीड असते, तर देवाने आपल्याला दोनच स्वरतंतू दिले आहेत आणि सगळी सप्तके त्यांतूनच काढायची आहेत. सूर वर न्यायचा असतो तेव्हा ते ताणले जाऊन लांब आणि पातळ होतात. हे काम बारीक स्नायू करतात. खालून हवेचा धक्का मारून ते होत नाही. उलट धक्का जितका मोठा, तितके तंतू जाड होऊन एकमेकांवर आदळतात आणि वर जाणे अधिकच अवघड होते. मग आपण आणखी ओरडतो. त्या मुलीचा सगळा त्रास या एका चक्रात आहे.

आदळणे हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. बाई माणूस साधे बोलते तेव्हा स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०० वेळा मिटतात आणि उघडतात. पुरुषाचे १०० ते १२० वेळा. वरचा सूर लावताना हा आकडा ५०० च्या पुढे जातो. हळू टाळी तासभर वाजवली तर हाताला काही होत नाही, पण जोराची टाळी पाच मिनिटांत तळवे लाल करते. आणि रोज कुदळ धरली की हाताला घट्टे पडतात. तसेच घट्टे, बारीक गाठींच्या रूपाने, ओरडून गाणाऱ्यांच्या स्वरतंतूंवर पडतात. जिवंत माणसाच्या गळ्यातले हे सगळे आरशाच्या साहाय्याने नीट पाहिले ते मानुएल गार्सिया यांनी, १८५४ मध्ये, तेही स्वतःच्याच गळ्यात. ते डॉक्टर नव्हते, गायनाचे शिक्षक होते. एका मास्तराने वैद्यकशास्त्राला दिलेली ही देणगी आहे.

तेव्हा पहिले काम भात्याचे. रात्री चटईवर उताणे झोपा, पोटावर गायनपुस्तक ठेवा. नाकाने श्वास घ्या. पुस्तक वर आले पाहिजे. खांदे हलता कामा नयेत. आता दातांमधून 'स्‌ऽऽऽ' असा बारीक आवाज काढत हवा सोडा, एकसारखी. सायकलच्या ट्यूबला बारीक छिद्र पडल्यावर जशी निघते तशी. मनात आकडे मोजा. पहिल्या दिवशी दहा-बाराला संपेल. महिन्याभरात पंचविसापर्यंत जाते. घाई करू नका, चक्कर आली तर थांबा. हे जमले की उभे राहून करा, मग एका सुरावर 'आ' लावून करा. आपल्या आज्या जात्यावर ओव्या गात, तेव्हा त्यांना हे कोणी शिकवले नव्हते. जात्याच्या फेऱ्याला श्वास बांधलेला, सूर मधला, तोंड मोकळे. पहाटे दोन पायली दळण होईपर्यंत गायची तर ओरडून चालतच नाही.

उभे राहण्याविषयी एकच सांगतो. आपले निम्मे गायक हनुवटी छातीला टेकवून पुस्तकात गातात, आणि आता तर हातातल्या मोबाइलमध्ये. त्याने नळीच दबते. पुस्तक छातीइतके वर धरा आणि नजर पुस्तकाच्या वरून लोकांकडे जाऊ द्या.

गाण्याआधी गळा तापवायला हवा. गायकवृंद सुरुवातच प्रवेशगीताच्या सर्वांत उंच ओळीने करतो, ही थंड इंजिनाला चौथा गिअर टाकण्यासारखी गोष्ट आहे. लहान मुले खेळातली मोटार चालवताना ओठ फुरफुरवतात, तसे फुरफुरवत सा पासून प पर्यंत जा आणि परत या. तोंड मिटून गुणगुणा. नारळपाण्याची नळी ओठांत धरून तिच्यातून गीताची चाल काढा. हसू येईल, पण स्वरतंतूंवरचा भार हलका करण्याचा हा फार चांगला उपाय आहे. पाच-सात मिनिटे पुरतात. वरचे सूर पहिल्यांदा अगदी बारीक, हलके लावा. ते जिथे लागले तिथेच हळूहळू वजन द्यायचे असते. जोराने लावून मग हलके करू म्हटले तर होत नाही.

आता कानाविषयी. बेसूर गाणाऱ्या मुलाचा गळा बहुधा चांगला असतो. त्याने ऐकलेलेच नसते. आपण सर्व जण पेटीच्या आधाराने गातो. हे युरोपातून आलेले वाद्य कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताच्या भात्यावर आणले, आणि मांडी घालून बसणाऱ्या आपल्या भजनी मंडळींची सोय झाली. पण १९४० पासून सुमारे तीस वर्षे आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तक्रार अशी की पेटीचे सूर ठोकून बसवलेले असतात, त्यांत मींड नाही, बारीक श्रुती नाहीत. बंदी मला काही पटत नाही. खेड्यातल्या चर्चमध्ये पेटी नसती तर आपले निम्मे गायन बंद पडले असते. तक्रारीत मात्र तथ्य आहे. पेटी प्रत्येक सुराला बोट धरून चालवते, म्हणून कान आळशी होतो. रियाझ करताना पेटी बाजूला ठेवा. मोबाइलवर तानपुरा मिळतो, तो फुकटही असतो. तो लावा, डोळे मिटा आणि पाच मिनिटे काही गाऊ नका. मग तोंड मिटून सा मिसळा. तुमचा आवाज तुम्हाला वेगळा ऐकू येईनासा झाला की सा लागला. त्यानंतर प, मग वरचा सा. त्यानंतर सारेग, रेगम हे साधे अलंकार, सावकाश लयीत. सकाळी पंधरा मिनिटे आणि संध्याकाळी पंधरा मिनिटे. शनिवारी रात्री सलग तीन तास बसण्यापेक्षा हे कितीतरी फलदायी आहे. तीन तासांनी रविवारचा गळा शनिवारीच खर्ची पडतो.

शब्दांकडे येतो, कारण मला सर्वांत अधिक काळजी त्यांची आहे. तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा आत्म्यावरचा ग्रंथ वाचावा लागला. त्यात त्याने एक साधी गोष्ट सांगितली आहे: प्राण्याच्या घशातून निघणारा प्रत्येक ध्वनी हा 'आवाज' नसतो. खोकलाही घशातूनच येतो, पण त्याला आपण आवाज म्हणत नाही. ज्याला काही अर्थ सांगायचा आहे, तोच आवाज. परीक्षेपुरते मी हे पाठ केले होते. समजले ते पुढे, एका धर्मग्रामात, जेव्हा उपवासकाळातील प्रतिसादस्तोत्र सुरेल आवाजात ऐकले आणि त्यातला एकही शब्द मला कळला नाही. संत पौल करिंथकरांना हेच समजावतात: बासरीचे आणि वीणेचे सूर वेगळे कळले नाहीत तर काय वाजते आहे हे कोणाला उमगेल, आणि रणशिंगाचा नाद अस्पष्ट असेल तर लढाईला कोण उठेल?

मराठीत गाताना दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली जोडाक्षराची. 'ख्रिस्त' हा शब्द लांबवायचा असेल तर 'ख्रि'वर थांबा आणि 'स्त' अगदी शेवटी, झटकन सोडा. आपण 'ख्रिस्‌ऽऽ' असे स वर थांबतो आणि माइकमधून कुकरची शिटी निघते. दुसरी चूक श्वासाची. 'सांत्वन' गाताना 'सां' म्हणून श्वास घ्यायचा आणि मग 'त्वन' म्हणायचे, हे मी स्वतः ऐकले आहे. गीत हाती आले की आधी ते वाचा, गाऊ नका. मोठ्याने, अर्थ लावून वाचा आणि श्वासाच्या जागी पेन्सिलीने खूण करा. सर्वांनी एकाच जागी श्वास घेतला तर पंधरा मुलांचा गायकवृंद एका माणसासारखा ऐकू येतो. माइक तोंडापासून चार बोटे दूर आणि थोडा बाजूला धरा, म्हणजे प, फ, भ यांचे धक्के त्यावर बसणार नाहीत.

यानंतरचा मुद्दा गायकांना आवडणार नाही. आपण गीते फार उंच पट्टीत धरतो. मुख्य गाणाऱ्या मुलीला काळी पाच सोयीची असते, पेटीवाल्याला तीच सवयीची असते, आणि चर्चमधले दीडशे लोक पहिल्या कडव्यानंतर गप्प होतात. मग आपण म्हणतो, लोक गात नाहीत! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या संविधानात भाविकांच्या गायनाला महत्त्वाचे स्थान दिले. पुढे १९६७ साली पवित्र संगीताविषयीचा सूचनापत्रक आला, त्यात तर स्पष्टच म्हटले आहे की लोकांना बाजूला ठेवून सगळे गायन गायकवृंदानेच करणे योग्य नव्हे. गायकवृंद लोकांच्या ऐवजी नसतो, लोकांच्या पुढे एक पाऊल असतो.

आपल्या जिल्ह्याला तर हे नव्याने शिकायची गरज पडू नये. अमेरिकन मराठी मिशनच्या काळात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्तकथा कीर्तनातून सांगितली. कीर्तनकार एक ओळ टाकतो, टाळकरी ती उचलतात, तेवढ्यात त्याचा गळा विसावतो. म्हणून तो माइकशिवाय दोन-तीन तास टिकतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यानंतरची बरीच वर्षे नगर व राहुरी येथे राहिले. विलायती चालींत बसवलेली भाषांतरित गीते लोकांच्या तोंडी बसत नाहीत हे ओळखून त्यांनी अभंग, ओवी व भजनाच्या वळणाची गीते रचली. ते आपल्या पंथाचे नव्हते, तरी त्यांची गीते आज आपल्याही चर्चमध्ये गायली जातात, कारण ती शेतावरून आलेल्या माणसाच्या गळ्यात बसतात.

म्हणून प्रत्येक गीत ठरवताना त्यातली सर्वांत उंच ओळ आधी गाऊन पाहा. साठीच्या मावशींना आणि मागच्या बाकावरच्या काकांना ती पेलते का? पेलत नसेल तर दोन पट्ट्या खाली उतरा. तिथेही त्रास होत असेल तर आणखी एक. तुमचा आवाज कमी चमकेल, हे मान्य. संत आगुस्तीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात कबूल केले आहे की कधी कधी गीताच्या अर्थापेक्षा गाणाऱ्याच्या आवाजानेच आपले मन अधिक हलते. तेव्हा ते त्याला आपला अपराध समजत, आणि गाणे ऐकलेच नसते तर बरे, असे त्यांना वाटे. तरीही त्यांनी गायन बंद करा म्हटले नाही. मिलानच्या चर्चमध्ये, श्रद्धेच्या सुरुवातीच्या दिवसांत, लोकांचे गायन ऐकून आपण रडलो होतो हे ते विसरले नव्हते.

आता मुलांविषयी. बारा ते पंधरा या वयात मुलग्यांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मधले काही महिने, कधी वर्ष-दीड वर्ष, तो कुठे फुटेल याचा नेम नसतो. मुलींचाही आवाज या वयात थोडा खाली येतो आणि काही काळ त्यात हवा अधिक ऐकू येते. तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. जोसेफ हायडन हे पुढे जगप्रसिद्ध झालेले संगीतकार व्हिएन्नाच्या संत स्तेफन कॅथेड्रलमध्ये बालगायक होते. आवाज फुटल्यावर, १७४९ च्या सुमारास, त्यांना तिथून बाहेर पडावे लागले. सृष्टीच्या उत्पत्तीवरचे त्यांचे थोर संगीत त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी आले.

मी काही हायडन नव्हतो, पण आठवीत असताना माझा आवाज असाच फुटला. नाताळच्या सरावात आमच्या गायकवृंदाच्या प्रमुखांनी मला सर्वांसमोर सांगितले, "तू नुसते ओठ हलव." सगळे हसले. मीही हसलो. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला मी ओठ हलवले, आणि त्यानंतर सेमिनरीत जाईपर्यंत चर्चमध्ये तोंड उघडले नाही. दीक्षेनंतर पहिल्यांदा वेदीवर गायची वेळ आली तेव्हा माझे पाय लटपटत होते. त्या गृहस्थांच्या मनात वाईट काही नसावे. पण आपल्या चर्चमध्ये चौदा-पंधरा वर्षांची मुले हळूहळू मागच्या बाकावर, मग दाराबाहेर, मग गाडीवर बसलेली दिसू लागतात, तेव्हा मला ते ओठ आठवतात. सगळ्यांचे कारण गायन नसते, हे मला कळते. तरी एखाद्याचे असेल.

ज्या मुलांचा आवाज फुटला आहे त्यांनी गायन सोडू नये. जुन्या पट्टीचा हट्ट मात्र सोडावा. रोज आपल्याला सहज येणारे पाच-सहा सूर शोधा आणि तेवढ्यातच गा. सूर फुटला तर थांबा, हसा, पुन्हा खालून या. बळेच खर्ज काढू नका. तो आपोआप येतो. गायकवृंदाने अशा मुलांना खालच्या ओळी, लोकांबरोबरचे प्रतिसाद, वाचनातला भाग द्यावा.

गळ्याच्या काळजीविषयी घरोघरी इतके उपाय आहेत की एक पुस्तक होईल. ज्येष्ठमध, खडीसाखर, मिठाच्या गुळण्या. यांनी घशाला आराम पडतो, जरूर घ्या. पण स्वरतंतू श्वासनलिकेत असतात, अन्ननलिकेत नाही. गिळलेली कोणतीही वस्तू त्यांना स्पर्श करत नाही. पाणीसुद्धा रक्तातून फिरूनच तिथे पोचते. म्हणून गाण्याआधी घोटभर पिऊन भागत नाही, सकाळपासून पीत राहावे लागते. वाफ मात्र थेट पोचते. सारखा घसा खाकरू नका. त्यात तंतू जोरात घासतात, त्याऐवजी आवंढा गिळा. रात्री उशिरा तिखट जेवून लगेच झोपले की आम्लपित्त वर येऊन गळा सुजवते. आपल्याकडे नाताळचा सराव आणि उसाचा हंगाम एकाच वेळी येतात. पाचट जळत असेल त्या संध्याकाळी उघड्यावर सराव घेऊ नका. आवाज बसला असेल तर गप्प राहा, कुजबुजूही नका. आणि दोन-तीन आठवड्यांत तो सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीच्या गाठी पुष्कळदा विश्रांतीने आणि आवाजाची पद्धत सुधारल्याने जातात.

त्या मुलीला मी नोव्हेनाच्या पहिल्या तीन दिवसांची सुटी दिली आहे. ती गायकवृंदातच बसेल, पाने उलटेल, ऐकेल. चौथ्या दिवशी प्रतिसादस्तोत्र ती गाणार आहे, काळी दोनमध्ये. तिला ते फार खाली वाटते, म्हणून थोडी नाराज आहे. बघू.

या शनिवारी सराव सायंकाळी पाच वाजता, चर्चमध्येच, दिवे लागण्यापूर्वी संपेल असा. येताना पेन्सिल आणि पाण्याची बाटली आणावी. ज्या मुलांचा आवाज फुटला आहे त्यांनी अर्धा तास आधी यावे. पेटी मी धरीन.